तेच गाणं पुन्हा पुन्हा : स्वमग्नता आणि संगीताची आवड

आपल्या होस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर एक तरी असा वीर सापडतोच, जो महिनाभर एकच गाणं ऐकत असतो. सबमिशन असो, व्हायवा असो, नाहीतर मेसमध्ये सलग तिसऱ्या दिवशी दुधी असो, त्याच्या कानात तेच गाणं. दुसरा एखादा असा असतो की गॅदरिंगचा डीजे सुरू झाला रे झाला की रूमचं दार लावून, कानात कापूस घालून बसतो. पहिल्याला आपण 'सायको' म्हणतो आणि दुसऱ्याला 'बोअर'. नावं ठेवायला काही लागत नाही. पण एखाद्याला एखादं संगीत इतकं का आवडतं आणि एखादं मुळीच का सहन होत नाही, यामागे मेंदू आवाज कसा हाताळतो हेही कारण असू शकतं. स्वमग्नता म्हणजेच ऑटिझम या विषयावर गेल्या काही दशकांत झालेल्या संशोधनाने यावर बराच प्रकाश टाकला आहे. तो आपण इंजिनीअरिंगच्या भाषेत समजून घेऊ.

आधीच एक सूचना. एकच गाणं शंभर वेळा ऐकणारा प्रत्येकजण स्वमग्न नसतो आणि प्रत्येक स्वमग्न माणूस असं करतोच असंही नाही. तेव्हा हा लेख वाचून कुणी आपल्या रूम पार्टनरचं निदान करायला बसू नये. ते काम डॉक्टरांचं आणि मानसशास्त्रज्ञांचं आहे.

स्वमग्नता म्हणजे काय?

'ऑटिझम' हा शब्द 'स्वतः' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आणि मराठीत त्याला 'स्वमग्नता' हा प्रतिशब्द रूढ झाला. शब्द गोड आहे, पण थोडा फसवा आहे. 'स्वतःत मग्न' म्हटलं की वाटतं, या माणसाला बाहेरच्या जगाशी काही देणंघेणं नाही. प्रत्यक्षात बऱ्याचदा उलट असतं. बाहेरचं जग त्याच्यापर्यंत जरा जास्तच पोहोचत असतं.

१९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर या डॉक्टरांनी ११ मुलांवर एक निबंध लिहिला आणि ऑटिझमचा आधुनिक अभ्यास तिथून सुरू झाला. त्यातला पहिला मुलगा डोनाल्ड. त्याच्या माहितीत एक नोंद आहे : हा मुलगा वर्षाचा असतानाच अनेक चाली अचूक गुणगुणायचा आणि गायचा. म्हणजे ऑटिझमच्या पहिल्या निबंधातल्या पहिल्याच मुलाबरोबर संगीत हजर आहे. हा डोनाल्ड पुढे कॉलेज शिकला, बँकेत नोकरी केली, गोल्फ खेळला, जगभर फिरला आणि २०२३ साली ८९ व्या वर्षी वारला.

ऑटिझम हा आजार नव्हे, म्हणजे औषध घेतलं आणि बरा झाला असा प्रकार नाही. ती मेंदूच्या वाढीतली जन्मापासूनची वेगळी जडणघडण आहे. कुणाला बोलता येत नाही, कुणी आपल्याबरोबर बसून एम-थ्री सोडवतो. संवादातल्या अडचणी, ठरावीकपणाची ओढ आणि विशिष्ट विषयांत खोल रस ही त्याची ओळखीची लक्षणं. २०१३ साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने निदानाचे निकष सुधारले, तेव्हा त्यात आणखी एका गोष्टीची भर पडली : आवाज, प्रकाश, स्पर्श यांच्याबद्दलची अतिसंवेदनशीलता किंवा उलट कमी संवेदनशीलता. आपल्या विषयाचा धागा इथेच आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात साधारण १२७ माणसांमागे एक माणूस ऑटिस्टिक होता. समजा एखाद्या कॉलेजात १२०० विद्यार्थी आहेत. सरासरीने भागाकार करा, उत्तर नऊच्या वर येतं. त्यातल्या कित्येकांचं निदान कधी झालेलंच नसेल. तेव्हा विषय वाटतो तितका दूरचा नाही.

बारकावे टिपणारा कान

आपण बहुतेकजण गाणं 'एकगठ्ठा' ऐकतो. चाल, शब्द, ठेका सगळं मिळून एक चित्र तयार होतं. नंतर विचारलं की मागे सारंगी होती का, तर आठवत नाही. आपला मेंदू हुशारीने डेटा कॉम्प्रेस करतो, गाभा ठेवतो आणि बारकावे फेकून देतो.

कॅनडातील माँट्रियलचे संशोधक लॉराँ मॉत्राँ आणि त्यांचे सहकारी असं मांडतात की, ऑटिस्टिक मेंदूत बारकावे टिपणारी यंत्रणा अधिक जोरकस असते. त्याआधी १९८९ साली उटा फ्रिथ यांनी हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने मांडली होती : सुट्या भागांतून एक 'अखंड' चित्र करण्याकडे या मेंदूचा ओढा कमी असतो. दोन्हींचा अर्थ आपल्या भाषेत असा की, इथे कॉम्प्रेशन कमी आणि रॉ डेटा जास्त.

याची चाचणीही झाली आहे. लंडनमध्ये पामेला हीटन आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली संगीत न शिकलेल्या मुलांवर एक प्रयोग केला. वेगवेगळे स्वर प्राण्यांच्या चित्रांशी जोडून ऐकवले आणि नंतर स्वर वाजवून 'हा कुणाचा?' असं विचारलं. ऑटिस्टिक मुलांना स्वर इतर मुलांपेक्षा जास्त चांगले लक्षात राहिले. बोलण्यातल्या ध्वनींच्या बाबतीत मात्र असा फरक दिसला नाही. पुढच्या अभ्यासांत हेही स्पष्ट झालं की ही विशेष ताकद सगळ्याच ऑटिस्टिक मुलांत नसते, काहींच्यात असते.

'अ‍ॅब्सोल्यूट पिच' हा याचा टोकाचा नमुना. म्हणजे आधाराला दुसरा स्वर न घेता, नुसता ऐकून 'ही पांढरी पाच' असं सांगता येणं. सर्वसाधारण लोकांत हे दहा हजारांत एखाद्याला जमतं असं नेहमी सांगितलं जातं. ऑटिस्टिक लोकांत त्याचं प्रमाण बरंच जास्त आढळतं.

आता याचा आवडीवर काय परिणाम होईल बघा. आपलं संगीत सापेक्ष आहे. गवयाने 'सा' कुठेही धरावा, राग तोच राहतो. आमच्या धसईच्या भजनात एक बुवा काळी दोनमध्ये गातात, दुसरे पांढरी चारमध्ये. आपल्याला अभंग तोच वाटतो. पण ज्याच्या कानाने स्वराची फ्रिक्वेन्सीच पकडून ठेवली आहे, त्याला तो अभंग बदललेला वाटू शकतो. पेटीवरच्या शेजारच्या दोन पट्ट्यांत सुमारे सहा टक्क्यांचा फरक असतो. ४४० हर्ट्झची पुढची पट्टी ४६६ वर येते. आपण तो फरक विसरून जातो, त्याचा कान विसरत नाही. मग 'मूळ कॅसेटवरचंच गाणं हवं, दुसऱ्या कुणी गायलेलं नको' हा हट्ट हट्ट राहत नाही. त्याच्या दृष्टीने ते दुसरं गाणंच असतं.

याच कारणाने काहींना गाण्यापेक्षा नुसत्या नादाचीच गोडी लागते. तानपुऱ्याचंच बघा. तार घोडीला जिथे टेकते तिथे जव्हारी लावलेली असते. तिच्यामुळे एका तारेतून मूळ स्वराबरोबर कितीतरी वरचे हार्मोनिक्स झंकारत राहतात. मैफिलीत आपण तानपुऱ्याला 'मागे वाजणारं काहीतरी' समजतो. बारकाव्यांच्या कानाला त्यातच तासभर पुरेल इतकं काही सापडतं.

तेच तेच का?

पुनरावृत्तीची ओढ हे ऑटिझमचं लक्षण म्हणून पुस्तकात येतं आणि तिथेच विषय संपवला जातो. पण तेच गाणं पुन्हा ऐकण्यात मिळतं तरी काय?

एक मांडणी अशी आहे. आपला मेंदू सतत अंदाज बांधत असतो. पुढचा शब्द काय, पुढचा आवाज कुठून, समोरचा आता काय करणार. लिझ पेलिकानो आणि डेव्हिड बर यांनी २०१२ साली असं सुचवलं की, ऑटिस्टिक मेंदूत या आधीच्या अंदाजांचं वजन कमी असतं. त्यामुळे प्रत्येक अनुभव जरा जास्तच 'ताजा' आणि जास्तच खरा लागतो. ही अजून थिअरी आहे, शेवटचा शब्द नव्हे. पण तिच्यावरून एक गोष्ट नीट कळते. दिवसभर अनपेक्षित गोष्टींचा मारा सहन केलेल्या माणसाला ज्याचा प्रत्येक सेकंद आधीपासून माहीत आहे असं चार मिनिटांचं गाणं म्हणजे केवढा मोठा विसावा असेल! तिथे काहीही अचानक घडत नाही.

आणि पुनरावृत्तीला आपण तरी कुठे नावं ठेवतो? मुरबाड तालुक्यातलं आमचं धसई २०१६ साली राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून पेपरात गाजलं, पण गावची संध्याकाळ जुनीच आहे. देवळात रोज हरिपाठ, रोज तेच अभंग, त्याच क्रमाने. सप्ताहात पहाटेचा काकडा ठरलेला. अभंगाचं ध्रुवपद प्रत्येक कडव्यानंतर परत येतं, भजनी ठेका आठ मात्रांवर फिरत राहतो आणि टाळकऱ्यांची पावलं त्यावर पडत राहतात. उत्तरेला जव्हार-डहाणूकडे तारप्याची एकच चाल किती तरी वेळ चालू असते. तारपेवाला मध्ये, नाचणारे भोवती. त्याने चाल बदलली की पावलं बदलतात, तोवर फेर तोच. हे सगळे लोक काही ऑटिस्टिक नाहीत. ठरलेल्या आवर्तनात मन स्थिर होतं हा सगळ्या माणसांचा अनुभव आहे. फरक इतकाच की, कुणाला त्याची गरज संध्याकाळी अर्धा तास लागते आणि कुणाला दिवसातून दहा वेळा.

आवाज जेव्हा बोचतो

आता नाण्याची दुसरी बाजू. जो कान बारीक आवाज टिपतो, त्याला मोठा आवाज किती लागत असेल? ऑटिस्टिक माणसांत अशी अतिसंवेदनशीलता बऱ्याचदा आढळते. मिक्सर, प्रेशर कुकरची शिट्टी, माइकची किंचाळी, फटाके, हळदीचा बेंजो यांचा त्यांना त्रास होतो आणि 'त्रास' हा शब्द इथे शब्दशः घ्यायचा.

थोडं गणित करू. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. डेसिबल हे लॉग स्केल आहे, दर १० डेसिबलला ध्वनीची तीव्रता दहापट होते. समजा स्टेजसमोर डीजे १०० डेसिबलवर वाजतो आहे. म्हणजे ५५ च्या तुलनेत तीव्रता तीस हजार पटींहून जास्त! आपल्या कानाला ती तितक्या पटीने मोठी वाटत नाही, कारण कान आणि मेंदू ती दाबून घेतात. ज्याचं हे 'ऑटोमॅटिक गेन कंट्रोल' वेगळं आहे, त्याच्या वाट्याला काय येत असेल याची कल्पना करा.

गावाकडे याचे परिणाम गंभीर होतात. हळदीच्या मांडवात एखादं मूल कान दाबून किंचाळायला लागलं की कुणी म्हणतं हट्टी आहे, कुणी म्हणतं बाहेरचं झालंय, आणि अंगारा लावला जातो. तेच मूल भजनात पखवाजाशेजारी दोन तास गप्प बसलं, तर 'बघा, देवाच्या ठिकाणी शांत झालं' असं म्हणतात. दोन्ही वेळा मुलाचा कान एकच काम करत असतो. एका ठिकाणी आवाज मोठा, वेडावाकडा आणि अचानक येणारा. दुसऱ्या ठिकाणी ठेका ओळखीचा आणि पुढचं माहीत असलेलं. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि शाळेतल्या मुलांची तपासणी होते आणि तिच्यात ऑटिझमचाही समावेश आहे. अंगाऱ्याआधी ती वाट धरली, तर मुलाची काही वर्षं वाचतील.

मात्र सगळ्यांनाच मोठा आवाज नकोसा वाटतो असंही नाही. काहींची संवेदना कमी असते, त्यांना ढोलाचा दणका छातीत जाणवलेला आवडतो. काहींना स्वतःच्या हेडफोनवर मोठ्याने वाजणारं मेटल चालतं, पण दुसऱ्याने दारावर मारलेली थाप चालत नाही. कारण साधं आहे. व्हॉल्यूमचं बटण कुणाच्या हातात आहे, यावर पुष्कळ अवलंबून असतं.

भावना पोहोचते का?

सर्वात मोठा गैरसमज इथे आहे. 'त्यांना भावना कळत नाहीत, मग संगीत काय कळणार?' १९९९ साली हीटन यांच्याच गटाने याची तपासणी केली. आनंदी आणि दुःखी चाली ऐकवून त्यांना हसऱ्या किंवा रडक्या चेहऱ्याशी जोडायला सांगितलं. ऑटिस्टिक मुलांनी ते काम त्यांच्याच पातळीच्या इतर मुलांइतकंच चांगलं केलं. माणसाच्या चेहऱ्यावरचा भाव ओळखताना अडणाऱ्या मुलांना चालीतला भाव मात्र ओळखता आला.

२०१३ साली रोरी अ‍ॅलन आणि सहकाऱ्यांनी प्रौढांवर अभ्यास केला. संगीत ऐकताना त्वचेच्या विद्युतवाहकतेत होणारा बदल मोजला. हा बदल आपल्या हातात नसतो, आतली खळबळ तो सांगून टाकतो. ऑटिस्टिक गटाचं शरीर इतरांइतकाच प्रतिसाद देत होतं. फरक पडला तो 'काय वाटलं?' या प्रश्नाचं उत्तर शब्दांत देताना. म्हणजे सेन्सर व्यवस्थित आहे, सिग्नल येतो आहे, फक्त डिस्प्लेवर आकडा उमटत नाही. डिस्प्ले कोरा बघून आपण मशीन बंद आहे असं ठरवून टाकतो!

याच गटाने २००९ साली बारा ऑटिस्टिक प्रौढांच्या मुलाखतींचा अभ्यास प्रसिद्ध केला. संगीत कशासाठी ऐकता, तर मन ताळ्यावर आणायला, स्वतःला समजून घ्यायला आणि इतरांमध्ये मिसळायला. आपण तरी आणखी कशासाठी ऐकतो?

मग 'ऑटिस्टिक लोकांचं संगीत' कोणतं?

असं काही नसतं. २०१५ साली केंब्रिजच्या संशोधकांनी चार हजारांवर लोकांच्या आवडीची पाहणी केली. ज्यांची विचारपद्धती नियम आणि रचना शोधणारी, त्यांचा कल जोरकस आणि गुंतागुंतीच्या संगीताकडे दिसला. ज्यांची वृत्ती दुसऱ्याच्या मनात शिरणारी, त्यांचा कल हळुवार संगीताकडे. पण ही पाहणी सर्वसामान्य लोकांची होती, ऑटिस्टिक लोकांची नव्हे. शिवाय सरासरीवरून एका माणसाची आवड काढता येत नाही. स्टँडर्ड डेव्हिएशन शिकलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. ऑटिझममुळे आवडीचा प्रकार ठरत नाही. ऐकण्याची रीत बदलते आणि तिच्यातून प्रत्येकजण आपापल्या वाटेने जातो. कुणी लावणीकडे, कुणी बाखकडे, कुणी पंपाच्या मोटरच्या संथ घरघरीकडे.

१९८८ च्या 'रेन मॅन' सिनेमानंतर दुसरा एक समज पसरला, की प्रत्येक ऑटिस्टिक माणसात एखादी अचाट प्रतिभा दडलेली असते. तेही खरं नाही. एखाद्याला गाणं फक्त आवडतं, येत काहीच नाही. तसा हक्क आपल्याला आहे, तसाच त्यालाही असायला हवा.

संगीताने ऑटिझम बरा होतो का?

अशा जाहिराती दिसतात, म्हणून स्पष्ट लिहितो : नाही. नऊ देशांतल्या ३६४ मुलांवर झालेली एक मोठी चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. पाच महिन्यांच्या संगीतोपचाराने ऑटिझमच्या लक्षणांच्या तीव्रतेत लक्षणीय फरक पडला नाही. पण याचा अर्थ संगीत निरुपयोगी असाही नाही. हरियाणातील मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात मेघा शारदा, नंदिनी चटर्जी सिंग आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. ऑटिस्टिक मुलांच्या मेंदूतल्या भाषेशी संबंधित भागांची जोडणी बोललेले शब्द ऐकताना क्षीण दिसली, तर गायलेले शब्द ऐकताना शाबूत दिसली. शारदा यांनी पुढे माँट्रियलमध्ये ५१ मुलांबरोबर काम केलं. त्यात ८ ते १२ आठवड्यांच्या संगीतानंतर पालकांना मुलांच्या संवादात सुधारणा जाणवली. हा अभ्यास २०१८ चा. म्हणजे संगीताने माणूस बदलत नाही, पण त्याच्यापर्यंत जाण्याचा एक जास्तीचा रस्ता मिळतो.

होस्टेलमध्ये आपण काय करायचं?

एक, ज्याच्या कानावर हेडफोन असतो त्याचा हेडफोन गंमत म्हणूनसुद्धा ओढू नका. आपल्याला ते फॅशन वाटतं, कुणासाठी ते चष्म्यासारखं साधन असतं.

दोन, गॅदरिंग, दहीहंडी, विसर्जन यांचं वेळापत्रक आदल्या दिवशी नोटीस बोर्डावर लावा. आवाज कधी सुरू होणार आणि कधी थांबणार हे माहीत असलं, तर निम्मा त्रास कमी होतो. एखादी शांत खोली उघडी ठेवायला रेक्टर सर नाही म्हणणार नाहीत. आणि रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद हा तर कायदाच आहे.

तीन, 'चल ना, लाजतोस काय' म्हणून कुणाला हात धरून डीजेसमोर ओढत नेऊ नका. नकार हे उत्तर आहे, भाव खाणं नव्हे.

चार, शिक्षकांसाठी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. सरकारी आणि अनुदानित उच्चशिक्षण संस्थांत ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी किमान पाच टक्के जागा राखीव आहेत. विद्यार्थी प्रवेश घेतो, पण पुढे कुणाला सांगायला घाबरतो. वर्गात उत्तर न देणारा, पण प्रॅक्टिकलला मोटरचा आवाज ऐकून बेअरिंग गेलंय म्हणून सांगणारा मुलगा दिसला, तर त्याला 'मठ्ठ' म्हणण्याची घाई नको.

पाच, आणि हे सर्वात सोपं. विचारा. 'काय ऐकतोयस? त्यात तुला काय आवडतं?' एवढंच. हवापाण्याच्या गप्पांत ज्याला दोन शब्द जुळवता येत नाहीत, तो त्या गाण्याच्या दुसऱ्या अंतऱ्यातल्या बासरीवर तुमच्याशी अर्धा तास बोलेल. कदाचित बोलणार नाही, नुसता एक इअरफोन तुमच्याकडे सरकवेल. तो कानाला लावा आणि गाणं संपेपर्यंत गप्प बसा.